लिंबाचा उकार

मार्च सरता सरता दिल्लीत पानगळ होते. हे पुण्यामुंबईच्या नातेवाइकांना सांगितलं की ते हसतात. पानगळ थंडीत व्हायची, पुस्तकात तसं छापलेलं आहे. पण इथे थंडीभर लिंब हिरवा राहतो आणि रजया उन्हात टाकून आवरायची वेळ आली, की एके दिवशी गरम वारा सुटतो आणि झाडाखालचा रस्ता पिवळा होतो. झाडणाऱ्या बायका सकाळी ढीग करतात, दुपारी वारा तो ढीग पुन्हा रस्ताभर करतो आणि पंधरा दिवस हे भांडण चालतं. मग तांबूस पालवी येते. मग एप्रिलात बारीक पांढरी फुलं, आणि संध्याकाळी गोडसर, जरासा कडवट वास. नोएडातल्या आमच्या सोसायटीत लिंब दोनच आहेत, तेही बिल्डरने गेटपाशी लावलेले. पण दोन पुरतात. वास आला की मी हातातली पिशवी घेऊन तिथेच उभी राहते आणि माझा मूड जातो.

मूड जातो, हे मुद्दाम लिहिते आहे. फुलांचा वास आला की लोकांना कोणी तरी आठवतं, एखादं गाणं आठवतं. मला एक यादी आठवते. ती माझ्याच अक्षरात आहे आणि अक्षर चांगलं आहे.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि बारावीच्या बोर्डाची परीक्षा देत होते. दिल्लीत मेट्रोचे खांब उभे राहायचे होते. सरोजिनी नगरच्या बाजारापासून चालत दहा मिनिटांवर सरकारी क्वार्टरांची वसाहत होती, तिथे तळमजल्यावर आम्ही राहायचो. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, आई घरी, आणि मी. आमच्या ब्लॉकच्या मागे एक मोकळा पट्टा होता आणि त्या पट्ट्यात एका रांगेत अकरा लिंब होते. वसाहत बांधली तेव्हा लावलेले, म्हणजे वयाने बाबांच्या आसपासचे. सरकारने लावलेले असल्यामुळे रांग अगदी सरळ होती.

त्या अकरा झाडांवर ब्लॉकमधल्या चोवीस घरांचा संसार होता म्हटलं तरी चालेल. खाटा तिथे, लोणच्याच्या बरण्या तिथे, बायकांचं स्वेटर विणणं तिथे. होळी झाली की घरोघरच्या ट्रंका त्या सावलीत यायच्या. वरच्या मजल्यावरच्या शेख काकू मूळच्या नगरच्या. त्या लिंबाचा पाला आठवडाभर वाळवून लोकरीच्या कपड्यांच्या प्रत्येक घडीत पसरायच्या आणि आईला म्हणायच्या, "वहिनी, डांबराच्या गोळ्यांनी माझं डोकं उठतं. हा पाला बरा, नोव्हेंबरात स्वेटर घातला की गावाकडं गेल्यासारखं वाटतं." कांजिण्या आल्या की पोराच्या अंथरुणावर डहाळ्या यायच्या. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी दूरदूरच्या कॉलन्यांतले मराठी लोक स्कूटरवरून यायचे, आई त्यांना मोहोर काढून द्यायची आणि बरोबर गूळ किती घालायचा तेही सांगायची. दरवर्षी तेच लोक, दरवर्षी तेच प्रमाण.

आई फलटणकडची. तिच्या बोलण्यात त्या झाडाचं नाव लिंब. कडुलिंब नाही, कडुनिंब नाही, नुसता लिंब. 'लिंबाखाली बस', 'लिंबाची काडी आण', असं ती लहानपणी बोलत असणार. आमच्या घरात मात्र मी हा शब्द जवळजवळ ऐकलाच नाही, कारण माझ्याशी बोलताना ती 'नीम' म्हणायची. मी दिल्लीत जन्मले, माझी शाळा हिंदी-इंग्रजी, माझ्या मैत्रिणी पंजाबी आणि बंगाली. माझ्या मराठीत आधीच निम्मी हिंदी होती. मुलीला कळावं म्हणून आईने एकेक शब्द बाजूला ठेवला. लिंबाचा नीम झाला, शेवग्याच्या ड्रमस्टिक झाल्या, सुगरणीचा बया झाला. तिचे स्वतःचे शब्द ती एकटी असताना वापरत असावी, नाहीतर कागदावर.

फेब्रुवारीत नोटीस लागली. मागच्या पट्ट्यात पाण्याची टाकी, पंपघर आणि स्कूटर स्टँड होणार. इथे कोणाला खलनायक करायची सोय नाही, कारण टाकी सगळ्यांना हवी होती. मे महिन्यात नळाला पाऊण तास पाणी यायचं आणि वरच्या मजल्यावर तेही चढायचं नाही, शेख काकू बादल्या वर नेऊन नेऊन थकल्या होत्या. झाड तोडायचं तर वरून परवानगी लागते, म्हणून प्रत्येक ब्लॉकने आपल्या मागची झाडं मोजून यादी द्यावी, असं नोटिशीत होतं. यादीत मोठी झाडं निघाली तर टाकी कोपऱ्यात सरकवता आली असती. कोणीच पुढे येईना, तेव्हा आई म्हणाली, मी देते.

शिवणाची टेप घेऊन ती दोन दिवस मागे फिरली. छातीच्या उंचीवर प्रत्येक बुंध्याला टेप गुंडाळायची, टेप पुरली नाही की साडीचा काठ लावायची आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायची. लिंब, घेर इतका. लिंब, घेर इतका. अकरा वेळा. खाली शेवगा एक, पेरू दोन. मग ते पान तिने माझ्यासमोर ठेवलं. "हिंदीत नीट उतरवून दे गं. माझ्या हिंदीत मात्रांची मारामारी असते."

दोन दिवसांवर केमिस्ट्रीचा पेपर होता. मी कपाळाला आठ्या घालून बसले. खाली कार्बन लावला, कारण बाबा कार्बन कॉपीशिवाय किराण्याची यादीसुद्धा करत नसत. पहिलाच शब्द लिंब. मी क्षणभर थांबले, हे मला स्पष्ट आठवतं. आईचं शुद्धलेखन हा आमच्या घरातला नेहमीचा विनोद होता. मला वाटलं, बाई उकार विसरली. लिंबू लिहायचं होतं. मी मनातल्या मनात तिची चूक सुधारली आणि वळणदार अक्षरात लिहिलं, नींबू. अकरा वेळा लिहिलं. समोर घेराचा रकाना होता, तोही भरला. साडीचा काठ जोडावा लागतो एवढ्या घेराचं नींबूचं झुडूप जगात कुठे असतं, हा प्रश्न मला पडला नाही. माझ्यानंतर ती यादी ज्यांच्या ज्यांच्या टेबलावरून गेली त्यांच्यापैकी कोणालाही पडला नाही. मी टेबलाशी बसले होते, खिडकी उघडी होती आणि खिडकीच्या बाहेर लिंब होता. मी मान वर केली नाही.

"वाच बघू," आई म्हणाली.

"अगं केलंय बरोबर, बिल्कुल. चलो, सही कर."

तिने सही केली. यादी गेली. कार्बन बाबांच्या फाइलीत गेला. पाडवा आला, स्कूटरवाले आले, मोहोर घेऊन गेले.

एप्रिलातल्या एका शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला मागून दोरांचे आणि माणसांचे आवाज आले. परीक्षा संपली होती, मी उशिरा उठून चहा पीत होते. मागचं दार उघडलं तर एक माणूस पहिल्या लिंबावर चढून फांद्या उतरवत होता आणि दोघे खाली मोठी करवत घेऊन उभे होते. झाडं ऐन फुलात होती. फांदी पडली की फुलांचा धुरळा उडायचा, खालच्या माणसांचे केस पांढरे झाले होते. आई पदर खोचून त्यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली.

ओव्हरसियर तंवर नावाचे गृहस्थ होते, पन्नाशीचे, डोक्याला गमछा. त्यांनी शांतपणे टाइप केलेला कागद दाखवला. "मैडम जी, पेड़ की परमिशन लगै है। नींबू-शींबू की ना लगती। आपके ब्लॉक की लिस्ट में ग्यारह नींबू सैं।"

"ये नींबू है?" आईने बुंध्यावर थाप मारली. "आपको दिखता नहीं?"

"मन्नै तो नीम दीखै है। पर कागज में नींबू है।"

आईला वाटलं, टायपिस्टने घोळ केला. मीही तसंच धरून चालले होते. तंवरजी वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "आपने जो लिखके दिया था उसकी कॉपी दिखा दो। उसमें नीम लिखा हो, तो मैं अभी हाथ रुकवा दूँ। मेरी भी गर्दन बचेगी।"

"नीलू, बाबांच्या फाइलीतून कार्बन आण. पळ."

मी पळाले. फाइल उघडली, निळ्या कार्बनच्या अक्षरात माझंच हस्ताक्षर होतं आणि अकरा वेळा नींबू होतं. कॅलेंडरचं पान त्यालाच टाचलेलं होतं. लिंब. लिंब. लिंब. बाहेर करवत थांबली होती, सगळे माझी वाट बघत होते. शब्द माझ्या डोळ्यासमोर उलगडला आणि माझे कान गरम झाले. मी तो कागद काढला, केमिस्ट्रीच्या पुस्तकात घातला, पुस्तक गादीखाली सरकवलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "सापडत नाहीये."

तंवरजींनी आईकडे पाहिलं, मग कामगारांना हात केला. पहिला लिंब साडेअकराच्या सुमाराला पडला. पडताना फार आवाज झाला नाही, पडल्यावर झाला. पोपट ओरडत राहिले.

आई दिवसभर तिथून हलली नाही. भांडली, विनवलं, पाणीही दिलं त्या माणसांना, कारण ऊन होतं. दुपारी दुसरा पडल्यावर ती तंवरजींना म्हणाली, "तुम्हाला झाडांचं काही वाटत नाही का? आपको कुछ लगता नहीं?" तेव्हा ते पहिल्यांदा तिच्याजवळ येऊन पडलेल्या खोडावर बसले.

"मैडम जी, जिस जगह आपकी रसोई है ना, वो मेरे दादा का खेत था। कुआँ था, कीकर थे, जाल के पेड़ थे। जाल जानती हो? छोटा-सा फल लगै, मीठा। सरकार ने ज़मीन ली, आपके क्वार्टर बने, सब कट गए। फिर उन्हीं ने ये नीम लगाए। मेरे बापू ने पानी दिया है इनको, मशक से, दिहाड़ी पे। तब किसी ने अर्जी ना दी।" ते उठले, पँट झटकली. "मुझे लगता है जी। लगने से कागज थोड़े बदलता है।"

ज्या सावलीला मी आपली समजत होते, तिच्या खाली दुसरीच सावली गाडलेली होती. ते जालचं झाड मी पुढे कित्येक वर्षांनी एका दर्ग्याच्या आवारात पाहिलं, वाकडंतिकडं, धुळीच्या रंगाचं. खाली बसल्यावर कळलं की ऊन त्यातून येत नाही.

दिल्लीत कोरी जागा नाही. इथे एकामागून एक शहरं वसली, प्रत्येकाने शहरालगतच्या डोंगराचा दगड काढला, प्रत्येकाच्या चुलीला सरपण लागलं. डोंगर उघडा पडला. मग इंग्रजांना आपल्या नव्या राजधानीच्या पाठीला हिरवं काही तरी हवंसं वाटलं, तेव्हा त्यांनी समुद्रापलीकडची काटेरी बाभूळ आणून लावली. ती अशी माजली की तिच्याखाली गवतही उगवेना. इथले लोक तिला विलायती कीकर म्हणतात, आपल्याकडे तीच वेडी बाभूळ. आता ती उपटून जुनी झाडं परत लावायचा खटाटोप चालू आहे. प्रत्येक वेळी गरज खरी होती, माणसंही बरी होती, आणि प्रत्येक वेळी कोणाला तरी वाटलं असेल की एवढ्याने काय होतंय. हे एकदा समजलं की हात झटकायला फार सोपं जातं. हे तर चालतच आलंय, आपण कोण, असं म्हणून चहा प्यायचा. मला ते जमत नाही. हा इतिहास कितीही लांबलचक असला तरी त्यातला एक शुक्रवार माझा आहे, आणि त्या दिवशी मी काय केलं ते मला ठाऊक आहे.

तिसरा लिंब संध्याकाळी पाचच्या आत पडला. तंवरजी म्हणाले, आता सोमवारी. शनिवार-रविवार सुट्टी. करवती गेल्या. आई मागच्या पायरीवर परात घेऊन बसली आणि पडलेल्या डहाळ्यांची फुलं ओरबाडून परातीत टाकू लागली. वाळवून ठेवू म्हणाली, वाया कशाला घालवायची. तिचा आवाज बसला होता. बाबा ऑफिसातून आले, पट्ट्याकडे बघून दारातच उभे राहिले. मी आत गेले, गादीखालचं पुस्तक काढलं आणि कागद आईच्या परातीत ठेवला.

तिने वाचला. कॅलेंडरचं पान वाचलं, मग पुन्हा माझं अक्षर वाचलं.

"हे कुठं होतं?"

"पुस्तकात."

"कधीपासून?"

ती पुन्हा म्हणाली, "कधीपासून, नीलू?"

"तू मागितलास तेव्हापासून."

मी रडायला लागले होते. मला वाटलं ती चिडेल, मारेलसुद्धा. ती चिडली नाही. ती म्हणाली, "शब्द चुकला ते मी समजू शकते. तुझ्याशी नीम नीम करत राहिले मी, माझंच चुकलं. पण तू सापडत नाही म्हणालीस, तेव्हा तिन्ही झाडं उभी होती." आणि परात घेऊन आत गेली. त्यानंतर ती या विषयावर मला कधीही टाकून बोलली नाही, आणि त्याची गरजही पडली नाही.

बाबा सरकारी माणूस. ते पायरीवर माझ्या शेजारी बसले, दोन्ही कागद उजेडात धरले आणि म्हणाले, "मूळ कागद आपल्याकडे आहे, हे बरंय. पण ऑफिसात मराठी कोणाला येतं? ते म्हणतील, लिंब म्हणजे नीम हे कशावरून? दाखला लागेल."

"कसला दाखला?"

"शब्दाचा."

असा दाखला जगात कोणी दिला असेल असं मला वाटत नव्हतं. पण बाबांना वाटत होतं, आणि शनिवारी सकाळी मी बसने एकटी पहाडगंजला गेले. एकटीच जा, असं आई म्हणाली होती. तिथल्या मराठी शाळेत मराठी शिकवणारे कांबळे सर बाबांच्या ओळखीचे होते. स्टेशनाबाहेरच्या हातगाड्या, हॉटेलवाल्यांचे बोर्ड, घाऊक दुकानांतली गोणपाटं ओलांडत मी पोचले, तेव्हा सर वर्गात एकटेच वह्या तपासत बसले होते. मी सगळं सांगितलं. मराठीत सांगता सांगता तीनदा हिंदीत घसरले. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तू आईचा शब्द सुधारलास."

"हो सर."

"न विचारता."

"हो."

"अच्छा." ते हसले नाहीत. "दाखला देतो. पण दाखला खरा असतो, त्यात अर्धं लिहून चालत नाही. चूक कोणाची तेही लिहीन. चालेल?"

मला वाटलं होतं की 'लिंब अर्थात नीम' एवढी एक ओळ आणि खाली सही, एवढ्यावर भागेल. टायपिस्टचं नाव पुढे करायचा विचारही माझ्या मनात येऊन गेला होता, खोटं का बोला. मी चालेल म्हणाले. त्यांनी स्वच्छ हिंदीत लिहिलं की मराठीत 'लिंब' म्हणजे नीम आणि 'लिंबू' म्हणजे नींबू, आणि सदर अर्जदार विद्यार्थिनीला स्वतःच्या मातृभाषेतला हा शब्द माहीत नसल्यामुळे तिने यादी चुकीची उतरवली. खाली सही केली, शिक्का मारला. मग फळ्याकडे बोट करून म्हणाले, "आता तिथं झाडांची नावं लिही. मराठीतली. येतील तेवढी."

मला सात आली. उरलेली त्यांनी लिहिली. पळस, पांगारा, करंज, बेहडा, हिरडा, उंबर, पिंपरी, शिरीष, सातवीण, असा फळा भरत गेला. यातली निम्मी मी रोज बसमधून बघत होते, आणि मला ती फक्त झाडं म्हणून माहीत होती. मी दाखल्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला ती सगळी उतरवून घेतली आणि प्रत्येक शब्द त्यांना दाखवून तपासून घेतला.

सोमवारी सव्वानऊला आई आणि मी तंवरजींच्या ऑफिसात. आई बाकावर बसली. "तू बोल," म्हणाली. तिथल्या साहेबांनी दाखला वाचला, पुन्हा वाचला आणि शेजारच्या खोलीतून दोघांना हाक मारून बोलावलं. माझ्या अज्ञानाचा तो दाखला मोठ्याने वाचला गेला. ते हसले. हसले ते बरंच झालं, कारण चिडलेल्या माणसाने फाइल बंद केली असती.

"तो लिंब मतलब नीम?"

"जी."

"और नींबू?"

"लिंबू."

"बस, एक मात्रा का फ़र्क़?"

"बस, एक मात्रा का। तीन पेड़ गिर चुके हैं, सर। दस बजे चौथा शुरू होगा।"

साहेब घड्याळाकडे बघून उठले. जीपमधून आम्ही पोचलो तेव्हा चौथ्यावर दोर चढला होता. तो उतरवायला लावून त्यांनी स्वतः बुंधे मोजले, आठ, आणि कागदावर नींबू खोडून नीम लिहिलं. तंवरजी बाजूला उभे होते. दोर गुंडाळणाऱ्या माणसाला ते दोनदा म्हणाले, देखके, छाल ना छिले. टाकी आणि पंपघर जिथे झाडं गेली होती त्या मोकळ्या कोपऱ्यात बसलं. स्कूटर स्टँड रद्द झाला. ब्लॉकमधले काही लोक वर्षभर आमच्याशी धड बोलले नाहीत, कारण त्यांच्या स्कूटरी उन्हातच राहिल्या. पाणी मात्र वरपर्यंत चढलं, आणि शेख काकूंनी आईला खिमा-कलेजीचं आमंत्रण दिलं, ती शाकाहारी आहे हे विसरून.

पुढे मी अनुवादक झाले. हसू नका. तीस-एक वर्षं होत आली, एका सरकारी खात्यात मी इंग्रजीचं हिंदी आणि हिंदीचं मराठी करते, आणि शंका आली की उठून जाते, ज्याने लिहिलं त्याला विचारते. ऑफिसातले लोक कंटाळतात. कंटाळू देत.

यंदा पानगळीच्या दिवसांत पेपरात कोपऱ्यातली बातमी वाचली. ती सगळी वसाहत पाडून तिथे मनोरे उठणार आहेत आणि झाडांबद्दल ज्यांच्या हरकती असतील त्यांनी सुनावणीला यावं. मी आईला फोन केला. ती आता पुण्याला मावशीकडे असते, ऐकू कमी येतं. मी ओरडून सांगितलं, "लिंबांची सुनावणी आहे!" ती म्हणाली, "मग फोन काय करतेस? जा की."

त्याआधी एकदा मी पट्ट्यावर जाऊन आले. क्वार्टरं रिकामी, दारं-खिडक्या काढून नेलेल्या, आमच्या स्वयंपाकघरातून आरपार आभाळ दिसत होतं. आठही उभे होते, फुलावर होते, बुंध्यांवर पांढऱ्या रंगात नंबर टाकले होते. यादी मागवून घेतली. या वेळी नावं बरोबर होती, शास्त्रीय नावासकट. समोर शेरा होता, हटवणे, बदल्यात इतरत्र रोपे. शब्द अचूक असूनही झाड जाऊ शकतं, हे मला सतरा वर्षांची असताना माहीत नव्हतं. मी नकाशा घेतला, दोन रविवार घातले. दुसऱ्या रविवारी आमच्या सोसायटीतल्या एका आर्किटेक्ट बाईंना घेऊन गेले आणि मनोरा थोडा सरकवला तर आठही राहतात, असं त्यांच्याकडून नकाशावर काढून घेतलं, सहीसकट.

सुनावणीच्या खोलीत एसी फार होता आणि माणसं थोडी होती. माझा नंबर आला. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने माझा अर्ज चाळला, नकाशा उलटासुलटा करून पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. माणूस सभ्य होता, वेळ वाचवू पाहत होता.

"मैडम, आप वहाँ की रेज़िडेंट हैं?"

"नहीं। नोएडा में रहती हूँ।"

"कोई संस्था? एनजीओ?"

"नहीं।"

"तो फिर आप किस हैसियत से आई हैं?"

मागे कोणीतरी हसलं. मी उभी राहिले, कारण हे बसून सांगण्यासारखं नव्हतं.

"इस लाइन में ग्यारह थे, सर," मी म्हणाले. "तीन मैंने कटवाए हैं।"